डब्यांचा रकाना

पंतागान बेट, सामार
९ फेब्रुवारी १९९७

चि. एदिता हिला लोलाचे अनेक आशीर्वाद.

ओळख पटावी म्हणून आधी सांगते. मी तुझी लोला. बुटकी, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, तुझ्या आईची आई. ऑगस्टात तुझं पत्र आलं होतं, त्यात 'लवकरच सविस्तर लिहिते' असं होतं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी बोटवाल्याला विचारते, माझ्या नातीचं सविस्तर आलं का रे. तो म्हणतो, लोला, सविस्तर फार जड असेल, पुढच्या बोटीनं येईल.

मेस्त्रा पुरिंग म्हणतात की तुला कामं असतील. (शाळेत शिकवणं सुटलं तरी त्या मेस्त्राच. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी, पण माझं पत्र लिहायचं पेन त्यांच्या हातात आहे म्हणून अहो-जाहो करते.) मी म्हटलं, असणारच. पोरगी आधी रेडिओवर हरवलेल्या म्हशी सांगायची. मग वर्तमानपत्रात हरवलेल्या माणसांबद्दल लिहायला लागली. मग बायकांच्या संघटनेत गेली, तिथे आमच्याच खाजणातल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचणाऱ्या बायकांवर लेख लिहून बक्षीस घेतलं. आता सिमेंट कंपनीच्या समाजसेवी संस्थेत संपर्क-संचालक. साऱ्या जगाशी संपर्क ठेवायचा म्हटल्यावर आजीचा नंबर लागायला वेळ लागणारच.

तुझे लेख मी टाकलेले नाहीत. सुक्या मासळीच्या टोपलीत तळाशी आहेत. मासळीला वास लागलेला नाही अजून.

बातमी अशी. गेल्या महिन्यात तुझ्या संस्थेची माणसं येऊन गेली. तू नव्हतीस, तुला म्हणे परदेशी पाहुण्यांना दुसऱ्या बेटावरची गरिबी दाखवायची होती. आमचं सक्षमीकरण केलं. सकाळी आठला सुरू केलं ते दुपारी तीनला झालं. बूट घातलेल्या एका मुलीनं मोठ्ठे कागद वाटले आणि म्हणाली, आपापलं स्वप्न काढा. मी खेकडा काढला. तिनं तो भिंतीला चिकटवला, टाळ्या वाजवल्या, आणि फोटोवाल्यानं माझा फोटो घेतला. तो सांगत होता की हसा, पण मी आधीच हसत होते, कारण मागच्या दारानं डबे येताना दिसत होते.

डब्यात भात आणि कोंबडीची तंगडी. कागदावर सही करा, डबा घ्या. आता पुरुष समुद्रावर, पोरं घरी. त्यांनी काय पाप केलं? म्हणून ज्यानं त्यानं घरच्यांच्या नावानंही सह्या केल्या. मी माझा अंगठा लावला, आणि खाली माझ्या नवऱ्याच्या, तासियोच्या नावानं लावला. तुझ्या लोलोला जाऊन अकरा वर्षं झाली, पण जिवंतपणी त्यानं कोंबडीला कधी नाही म्हटलं नाही.

तब्येत बरी आहे. गुडघा सोडून. लोभ आहेच, तो वाढवायचा तर शाई तुझी खर्च कर.

तुझी लोला सियांग
(खाली अंगठा)


केसोन सिटी
२० फेब्रुवारी १९९७

ती. लोलास, तुझा हात माझ्या कपाळाला लावून वि. वि.

पत्र पोचलं. चुकलं माझं. सहा महिन्यांत तीन अहवाल, दोन परिषदा आणि एक फ्लू झाला, पण ही कारणं तुला चालणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

पंतागानचा कार्यक्रम चांगला झाला याचा मनापासून आनंद वाटला. येता आलं नाही याची खंत आहे. मला वाटतं तुला अजून कुणी नीट समजावलं नसेल, म्हणून सांगते. टेकडीवरचा चुनखडीचा दगड नेण्यासाठी कंपनी खाजणाच्या जागी धक्का बांधू इच्छिते. अजून काही ठरलेलं नाही. लोकांच्या सहभागाशिवाय काहीही होणार नाही, हा आमच्या संस्थेचा आग्रह आहे, आणि मी स्वतः त्यासाठी भांडते. धक्का झाला तर दवाखान्याची बोट लागेल, आणि बायकांना पिशव्या शिवण्याचं प्रशिक्षण मिळेल. तिसऱ्यांसाठी कमरेएवढ्या चिखलात वाकायला नको. तुझ्या गुडघ्यांकडे बघून मी हे लिहिते आहे.

सोबत आमची नवी पुस्तिका पाठवते. शेवटून दुसऱ्या पानावर तुझा फोटो आहे. काय सुंदर हसली आहेस! ऑफिसात सगळे विचारतात, ही कोण. मी अभिमानानं सांगते.

औषधं वेळेवर घे. मेस्त्रांना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी
एदिता


पंतागान बेट
२ मार्च १९९७

चि. एदितास आशीर्वाद.

पुस्तिका मिळाली. कागद इतका गुळगुळीत आहे की मासळी गुंडाळायच्याही कामाचा नाही.

माझ्या फोटोखाली काहीतरी छापलेलं होतं. मेस्त्रांना म्हटलं वाचा. त्या म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता. मी म्हटलं वाचा. तेव्हा त्यांनी वाचलं: 'माझ्या नातवंडांच्या उद्यासाठी मी हे खाजण आनंदानं देते. लोला सियांग, वय ७८.'

पोरी, आनंदानं मी काहीही देत नाही. बेटावर कुणालाही विचार. मी मीठ उसनं देते तेसुद्धा कुरकुरत. आणि मला नात एकच आहे, तिचा उद्या मनिलात आहे. हे वाक्य बोलायला मी कुठे गेले होते? बोलले तेव्हा माझ्या अंगावर कोणता झगा होता? मला आठवत नाही, तुला आठवत असेल, तू लेखिका आहेस.

हे एवढं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण मंगळवारी आम्ही चार बायका तिसऱ्या विकायला मोठ्या बेटावर गेलो. नगरपालिकेच्या भिंतीवर कागद लावलेत. मेस्त्रांनी वाचले. वरच्या कागदावर लिहिलंय की आम्ही खाली सही करणारे पंतागानचे रहिवासी धक्क्याला संमती देतो. त्याखाली दोनशे चौदा सह्या. एकतिसावी मी. बत्तिसावा अनास्तासियो, माझा नवरा, संमतीसह.

डबे घेताना केलेल्या सह्या त्या! कोंबडीच्या! बेनितानं पोटातल्या बाळाच्या नावानं डबा घेतला होता, त्या बाळाचीही संमती आहे. त्याचा जन्म एप्रिलात होईल. मेस्त्रांची सेबूला दिलेली बहीण संमत आहे. (मी ती सही बहिणीच्या मुलांसाठी केली होती. मुलं इथे सुट्टीला आली होती. — पुरिंग) आली होती, खरं आहे. दोन डबे खाऊन गेली.

९ एप्रिलला सरकारी सुनावणी आहे. संमती खरी धरली तर पावसाळ्याआधी खाजणात भराव पडेल. साठ घरं त्या चिखलावर जेवतात, हे तूच छापलं होतंस, मला पाठ आहे.

तर आता सविस्तर लिही. या पत्रावर अंगठा नाही. तो कुठे कुठे जाऊन चिकटतो ते कळेपर्यंत धुवून ठेवला आहे.

तुझी, वय ७८,
लोला सियांग


केसोन सिटी
१२ मार्च १९९७

ती. लोलास कपाळ टेकून वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू चिडली आहेस, आणि तुला तो हक्क आहे.

पण काही गोष्टी समजून घे. त्या सह्यांचं पुढे काय झालं ते माझ्या विभागात येत नाही. आमची माणसं हजेरी घेतात, कागद कायदा विभाग मागतो, आम्ही देतो. मी चौकशी केली. वकील म्हणाले, दोन वेगळ्या कागदांची जोडणी करताना कारकुनी गफलत झाली असावी. ते बघतील.

फोटोखालच्या वाक्याबद्दल. आमच्या कामात अशी पद्धत असते. माणसाच्या मनात जे असेल ते आपण शब्दांत मांडतो, कारण प्रत्येकाला मांडता येत नाही. माझ्याकडून घाई झाली. पुढच्या आवृत्तीत बदलेन.

आता एक विनंती. मेलेल्यांच्या नावानं डबे घेतले हे सुनावणीत बोलू नकोस. लोक बोटं दाखवतील. वर्तमानपत्रवाले 'मेलेल्यांनी कोंबडी खाल्ली' असा मथळा देतील. मी त्या खुर्चीत कधीकाळी बसले आहे, मीच दिला असता. साऱ्या बेटाचं हसं होईल, आणि संमती रद्द होईल याची खात्री नाहीच.

तू थोडे दिवस माझ्याकडे ये ना. गुडघा दाखवू. एप्रिल इथे काढ.

तुझीच
एदिता


पंतागान बेट
२१ मार्च १९९७

चि. एदिता,

आशीर्वाद आधीच्या पत्रातले शिल्लक असतील, ते वापर.

एप्रिल तुझ्याकडे काढू? नेमका एप्रिल? गुडघा चार वर्षं दुखतोय, त्याला तुझ्या शहराची आठवण ९ तारखेच्या तोंडावर आली! तुझा वकील फार प्रेमळ दिसतो, त्याला माझा आशीर्वाद सांग.

मला शब्दांत मांडता येत नाही म्हणतेस. बरोबर. मला अक्षर येत नाही. पण मी जे बोलते ते मेस्त्रा लिहितात, आणि लिहून झाल्यावर मला वाचून दाखवतात. मी न बोललेलं त्यांनी घातलं तर मी ओळखते. एकदा त्यांनी 'गुलाबी पहाट' घातली होती, ती काढायला लावली. शाळेतली पेन्शन खाणारी बाई एवढं पाळते. तू बक्षीसवाली.

इथे काय चाललंय ते ऐक. कपितान नेस्तोर आपला बेटप्रमुख, त्यानं रविवारची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना चर्चच्या पायरीवर थांबवलं. म्हणाला की तक्रार करायची तर चारचौघांत सांगावं लागेल की आम्ही एका तोंडाला तीन-तीन डबे नेले. पाद्री असणार, मेयर असणार. पंतागानचे लोक कोंबडीचोर म्हणून ओळखले जातील. इज्जतीपुढे चिखल काय मोठा? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी विचारलं की कपितान, तुम्ही किती नेले. तो म्हणाला, मी प्रमुख आहे, मला मोजून देत नाहीत.

लाज सगळ्यांना वाटते, एदिता. मलाही वाटते. तासियोचं नाव मी तंगडीसाठी घेतलं. मेल्यावर त्याला पाद्र्यासमोर, मेयरसमोर असं उभं करायचं, ही काय शोभेची गोष्ट आहे? पण मी ठरवलंय. मी उठणार आणि सांगणार. मी सांगितलं तर निदान सात-आठ बायका उठतील. बेनिता तर म्हणते, मी बाळ घेऊनच येते, साक्षीदार म्हणून.

पण मेस्त्रा म्हणतात की आमच्या बोलण्याला वजन नाही. वकील म्हणेल, म्हातारी विसरली, बाकीच्या तिच्या मागून बोलतात. आणि मग एक गोष्ट मला आठवली. त्या दिवशी कागदावर तीन रकाने होते. नाव, सही, आणि शेवटी एक अरुंद रकाना. त्यात बूटवाली मुलगी डब्याचा आकडा टाकत होती. १, १, १. मला अक्षर येत नाही, पण इंग्रजी एकची उभी काठी ओळखता येते. भिंतीवरच्या कागदावर तो रकाना नाही. मेस्त्रांनी दोनदा पाहिलं. कागद उजवीकडून कापलेला आहे.

ते कोरे रकाने आखले कुणी? हजेरीचे कागद तुझ्याच विभागातून येतात ना? आणि कापण्याआधीचे कागद कुणाच्या कपाटात आहेत?

एवढंच विचारते. तू काय करावंस ते सांगत नाही. पद्धत असेल ती पाळ.

लोला


केसोन सिटी
३१ मार्च १९९७

ती. लोला,

या एका पत्रापुरती माझी चेष्टा करू नकोस.

गुड फ्रायडेला ऑफिस बंद होतं. पहारेकऱ्याला म्हटलं, एक अहवाल राहिलाय. कपाट उघडलं. कागद तिथेच आहेत, अकरा पानं, पूर्ण रुंदीची. रकाना मीच आखला होता. जेवणवाल्याचं बिल जुळावं म्हणून. वर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: उपस्थिती आणि जेवण. तुझा अंगठा जरा वाकडा उमटला आहे. लोलोचा सरळ.

मी ते कागद पिशवीत घातले, पुन्हा कपाटात ठेवले, पुन्हा पिशवीत घातले. आत्ता कुठे आहेत ते लिहीत नाही.

सुनावणीला मला पाठवत आहेत. कंपनीचं निवेदन मी वाचायचं आहे, कारण मी तिथली, माझं लोक ऐकतील. निवेदन मीच लिहिलंय. चांगलं झालंय. तेच वाईट आहे.

मी पस्तीस वर्षांची आहे, लोला. ही नोकरी सोडली तर पुन्हा कुठल्या तरी पत्रकाचं मुद्रितशोधन करावं लागेल. आणि मला भीती पैशाची नाही तेवढी, मला भीती वाटते ती याची की मी तिथे उभी राहीन आणि माझ्या तोंडून आपसूक निवेदनच येईल. सवय झाली आहे.

हात माझ्या कपाळाला लाव.

एदिता


पंतागान बेट
१३ एप्रिल १९९७

चि. एदिता हिला लोलाचे आशीर्वाद, या खेपेला ताजे.

तू त्या दिवशी मालवाहू पडावात बसून निघून गेलीस. कंपनीच्या लाँचनं तुला घेतलं नाही हे बोटवाल्यानं सगळ्या बेटाला सांगितलं, वर तू नारळांच्या पोत्यावर बसून उलटी केलीस हेही सांगितलं. त्यामुळे मागे काय झालं ते तुला कळलं नाही. आणि आधी काय झालं ते तुझ्या बाजूनं तुला दिसलं असेल, माझ्या बाकावरून कसं दिसलं ते ऐक.

तू त्यांच्या टेबलाशी बसली होतीस. उंच टाचा. मी बेनिताला म्हटलं, बघ, खाजणात जन्म काढला आणि आता चिखलाला घाबरून टाचा वर करून चालते.

मग मला बोलावलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबानं विचारलं की अनास्तासियो तुमचे कोण. मी म्हटलं, नवरा. कुठे आहेत? म्हटलं, चर्चच्या मागे, तिसऱ्या रांगेत. मग सही कशी केली? म्हटलं, केली नाही, भूक लागली असेल म्हणून मी केली. सगळे हसले. पाद्रीसुद्धा हसला. मला वाटलं जमीन फाटावी. पण पाय तिथेच ठेवले. मागून बेनिता उठली, मग मेस्त्रा, मग आणखी पाच. तुझा वकील म्हणाला की या भगिनींची स्मृती आदरणीय आहे पण पुरावा नव्हे. आदरणीय! मी इतकी वर्षं जगले, मला विसरभोळी इतक्या गोड शब्दांत कुणी म्हटलं नव्हतं.

मग तुला निवेदन वाचायला उठवलं. तू पहिली ओळ वाचलीस. छान वाचलीस. दुसरी वाचलीस. मी मेस्त्रांचा हात धरला. त्या म्हणतात, हाड मोडलं असतं. तिसऱ्या ओळीला तू थांबलीस. मग तू पिशवी उघडलीस.

अकरा पानं तू सगळी वाचलीस. नाव, सही, डबा एक. नाव, सही, डबा एक. वकील दोनदा उठला, साहेबानं दोनदा बसवला. आणि जिचं नाव येईल ती उठून म्हणत होती की मी, मीच घेतला. कपितान नेस्तोरच्या नावापुढे सात निघाले, तेव्हा तो खिडकीबाहेरचं झाड पाहत होता. इज्जत गेली. पण सगळ्यांची एकदम गेली, त्यामुळे कुणाला फारशी जाणवली नाही.

शेवटी तू म्हणालीस की पुस्तिकेतलं आजीचं वाक्य आजी बोललेली नाही, ते मी लिहिलं. हे तुला कुणी विचारलं नव्हतं. मी तेव्हा खोकले. (रडल्या. — पुरिंग) पेन त्यांच्या हातात आहे.

साहेबानं संमती बाजूला काढली. खोटी म्हणाला नाही. 'ग्राह्य नाही' म्हणाला. मेस्त्रा म्हणतात एवढ्यावर उड्या मारू नका. २८ मेला पुन्हा सुनावणी आहे. ज्याचं हो किंवा नाही असेल त्यानं स्वतः यायचं, जिवंत यायचं, आणि आपलं नाव पुकारेपर्यंत नगरपालिकेत बसायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागेल. कंपनीची माणसं परवाच येऊन दारोदार सांगून गेली की लोकांनी जेवणाची काळजी करू नये, त्या दिवशी अख्खं डुक्कर भाजणार आहेत. कपितान म्हणतो, नुसतं खायला काय हरकत आहे. तिथेच मला धडकी भरली. आपली माणसं उपाशी असली की सही करतात आणि जेवली की नाही म्हणायला लाजतात. लाज पुन्हा जागी होईल, पोरी. ते जास्त कठीण आहे.

तुझी नोकरी गेली असेल. 'सध्या नव्या संधींचा विचार करते आहे' असं मला लिहू नकोस. गेली असं लिही, मला समजतं. मुद्रितशोधन वाईट नाही. दुसऱ्याच्या चुका काढायच्या, त्याची तुला आजीकडून शिकवण आहेच. आणि तुझा तो खाजणावरचा लेख पुन्हा लिही. तोच. पण या वेळी मला वाचून दाखवल्याशिवाय छापू नकोस. त्यात तू मला 'चिखलातली राणी' म्हटलं होतंस, तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. काढून टाक.

बेनिताला मुलगी झाली, शुक्रवारी. तिची संमती आम्ही अजून विचारलेली नाही.

राग माझा संपला आहे असं समजू नकोस, पण तो आता जेवणाच्या आधीच येतो, नंतर नाही. येत जा. पत्रातही येत जा.

तुझी
लोला सियांग
(अंगठा धुवून, पुसून, माझ्याच मर्जीनं)

ता. क. २८ मेसाठी साठ घरांना पुरेल एवढं डुकराचं अदोबो, आपलं शिरक्यातलं कालवण, पाठव. एकटीच्यानं व्हायचं नाही, तुझ्या त्या जुन्या संघटनेतल्या बायकांना कांदे सोलायला बसव. शिरका सढळ हातानं घाल, म्हणजे बस आणि बोटीच्या दोन दिवसांत नासणार नाही. साखर अजिबात नको. चरबी काढू नकोस. मनिलातल्या बायका काढतात. डबे झाकण घट्ट बसेल असे घे, आणि सव्वीस तारखेच्या बसच्या कंडक्टरकडे दे. भात आम्ही इथे करतो.